डीएनए काढायचा तर दोन पेल्यांत

स्ट्रॉबेरी, मीठ, भांड्यांचा साबण आणि स्पिरिट एवढ्या भांडवलावर स्वयंपाकघरात डीएनए काढता येतो, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. विज्ञान प्रदर्शनांत हा प्रयोग हमखास मांडलेला असतो. लाल रसावर पांढरे धागे तरंगू लागतात, बघणारे हरखतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. माझा हट्ट एवढाच आहे, की हा प्रयोग एका पेल्यात करू नका, दोन पेल्यांत करा. एकात साबण घाला, दुसऱ्यात घालू नका, बाकी सगळं दोन्हीकडे तंतोतंत सारखं ठेवा. स्ट्रॉबेरीच्या रसावर स्पिरिट ओतल्यावर जे पांढरं वर येतं ते सगळं डीएनए नसतं. नुसता एक पेला बघून त्यातलं काय कशामुळे आलं, हे कोणालाही सांगता येणार नाही.

साहित्य

मध्यम आकाराच्या सहा पिकलेल्या स्ट्रॉबेरी, म्हणजे अंदाजे शंभर ते सव्वाशे ग्रॅम. महाबळेश्वर-पाचगणीचा माल थंडीभर बाजारात असतो (तिथल्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकनही मिळालं), तेव्हा डिसेंबर ते मार्च हा या प्रयोगाचा हंगाम. एरवी फ्रीझरमधली गोठवलेली स्ट्रॉबेरी चालते. नुसती चालते असं नाही, जास्त चांगली चालते, कारण गोठताना झालेल्या बर्फाच्या स्फटिकांनी पेशी आधीच फाटलेल्या असतात. फळ जितकं पिकलेलं आणि मऊ तितकं बरं. दडस, पांढऱ्या टोकाची फळं घेऊ नका.

दोनशे मिलिलिटर साधं पाणी आणि चहाचा सपाट एक चमचा मीठ. आयोडीनयुक्त, सैंधव, जाडं, कुठलंही मीठ घ्या, फरक पडत नाही. भांडी घासायचा द्रवरूप साबण, विम, प्रिल, जो घरात असेल तो, दोन चहाचे चमचे. साबणाऐवजी शँपू घ्यायचा असेल तर कंडिशनर नसलेला, आरपार दिसणारा घ्या आणि बाटलीवरची घटकांची यादी वाचा. त्यात डायसोडियम ईडीटीए असेल तर उत्तम. ते काय करतं ते पुढे येईलच.

आता स्पिरिट. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथेच. नव्वद टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल हवं. औषधाच्या दुकानात सर्जिकल स्पिरिट मिळतं, आणि मोबाइल दुरुस्त करणारे सर्किट पुसायला वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. हे दुसरं मला जास्त पसंत आहे, कारण रसाइतकंच घातलं तरी पुरतं. इथेनॉलचं स्पिरिट असेल तर रसाच्या दुप्पट लागतं. घरातली रम किंवा व्हिस्की चालेल का, हा प्रश्न येतोच. नाही चालणार. आपल्याकडच्या बाटल्यांत अल्कोहोल 42.8 टक्के असतं. रसात ती कितीही ओतली तरी मिश्रणातलं प्रमाण त्याच्या वर जाणार नाही, आणि इथेनॉलच्या बाबतीत डीएनए नीट खाली बसायला ते साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत जावं लागतं. सॅनिटायझरचा जेलही नको. त्यात घट्टपणासाठी घातलेला पदार्थच गुठळ्या करतो, आणि आपण त्यालाच डीएनए समजून बसतो.

बाकी लागतं ते घरात आहेच. जाड प्लास्टिकची झिपवाली पिशवी, काचेचे चार पेले, चक्का टांगायचं सुती फडकं, चहाचं गाळणं, बर्फ, आणि बारीक काडी, खराट्याची किंवा दात कोरायची. पेल्यांपैकी दोन रुंद तोंडाचे असू द्या, दोन अरुंद. अरुंद पेल्यात थर स्पष्ट दिसतात. स्टीलचं फुलपात्र घेऊ नका, सगळी मजा आरपार बघण्यात आहे.

एक सूचना आधीच. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे काम गॅसच्या ओट्यावर करू नका, देवघराजवळही नको. ते पोटात जाऊ देऊ नका. सर्जिकल स्पिरिट आणि आयसोप्रोपिल दोन्ही विषारी आहेत, आणि निळ्या रंगाच्या डीनेचर्ड स्पिरिटमध्ये डोळे घालवणारं मिथेनॉलही असू शकतं. मुलांना ओतू द्या, पण मोठं माणूस शेजारी हवं.

कृती

सर्वांत आधी स्पिरिट गार करायला ठेवा, कारण त्याला वेळ लागतो. घट्ट बुचाच्या छोट्या बाटलीत घ्या आणि ती बाटली बर्फ आणि खडे मीठ घातलेल्या पातेल्यात पुरून ठेवा, पॉट आइस्क्रीमला करतो तसं. फ्रीझरमध्ये ठेवा असं बरेच जण सांगतात. मी सांगणार नाही. बूच सैल राहिलं तर स्पिरिटची वाफ बंद कप्प्यात कोंडते आणि घरगुती फ्रीजच्या आत ठिणगी पडू शकणारे भाग असतात.

स्ट्रॉबेरीचे हिरवे देठ काढा, फळं पिशवीत घाला, हवा काढून झिप लावा आणि बोटांनी दोन मिनिटं दाबत राहा. एकही गुठळी लागता कामा नये. मिक्सर लावायचा मोह टाळा. पाती फार जोरात फिरली तर पुढे मिळणारे धागे तुकडे तुकडे होऊन येतात. हा लगदा आता दोन रुंद पेल्यांत निम्मा निम्मा घाला. एकाच पिशवीतला लगदा दोन्हीकडे गेला म्हणजे फळात फरक होता असं कोणी म्हणू शकणार नाही.

दोनशे मिलिलिटर पाण्यात मीठ विरघळवा आणि शंभर शंभर मिलिलिटर दोन्ही पेल्यांत ओता. पहिल्या पेल्यात साबणाचे दोन चमचे घाला. दुसऱ्यात साध्या पाण्याचे दोन चमचे घाला. हे पाणी विसरू नका, पातळपणा दोन्हीकडे सारखा राहायला हवा. पेल्यांवर पेनाने 'साबण' आणि 'बिनसाबण' लिहून ठेवा. मग दोन्ही ढवळा, पण हळू. चमचा तळापासून फिरवा, फेस येऊ देऊ नका. फेस आला तर पुढे स्पिरिटचा थर नीट बसत नाही, शिवाय डीएनएचा धागा लांब आणि नाजूक असतो, तो घुसळण्याने तुटतो.

साबण इथे काय करतो? पेशीचं आवरण आणि पेशीकेंद्राचं आवरण दोन्ही मुख्यतः स्निग्ध पदार्थांची असतात. तेलकट कढई ज्याने निघते त्यानेच ही आवरणं विस्कटतात आणि आतला डीएनए रसात सुटतो. मिठाचं काम वेगळं. डीएनएच्या धाग्यावर फॉस्फेटचे ऋणभार ओळीने असतात, म्हणून धागे एकमेकांना दूर लोटतात. मिठातले सोडियमचे धनभार त्यांच्याजवळ जाऊन ती ताकद मारतात. मग धागे जवळ यायला मोकळे होतात.

आता ऊब द्यायची. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी आणि नळाचं पाणी समसमान मिसळा, ते साठ अंशांच्या आसपास येतं. त्यात दोन्ही पेले दहा मिनिटं ठेवा, आणि काढले की लगेच बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं. (काच तडकू नये म्हणून मध्ये अर्धा मिनिट ओट्यावर थांबा.) उबेने साबणाचं काम वेगात होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डीएनए कापणारी विकरं मंदावतात. ही विकरं फळाच्याच पेशीत असतात आणि पेशी फुटली की मोकाट सुटतात. त्यांना काम करायला मॅग्नेशियम लागतं, आणि शँपूतलं ईडीटीए नेमकं तेच पकडून ठेवतं. प्रयोगशाळेतही ते याच कामासाठी वापरतात. ऊब पंधरा मिनिटांच्या पुढे मात्र नेऊ नका.

फडकं ओलं करून पिळा, गाळण्यावर पसरा आणि आधी बिनसाबणाचा, मग फडकं धुऊन साबणाचा रस अरुंद पेल्यांत गाळा. उलट क्रमाने गाळलं तर फडक्यातला साबण दुसऱ्या पेल्यात जाईल आणि तुलना तिथेच बिघडेल. चक्का पिळतो तसं पिळायचं नाही, आपोआप गळेल तेवढंच घ्यायचं. पेल्यात दोन बोटं रस पुरे. उरलेला फेकू नका.

आणि आता मुख्य काम. पेला तिरका धरा. गार स्पिरिटची बाटली त्याच्या काठाला टेकवा आणि आतल्या बाजूने, भिंतीवरून, अगदी बारीक धारेने सोडा. हात थरथरत असेल तर पेल्यात चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवर ओता. स्पिरिट पाण्याहून हलकं असल्यामुळे ते रसावर तरंगत राहतं. खाली लाल, वर नितळ, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. रसाइतकं स्पिरिट (इथेनॉलचं असेल तर दुप्पट) झालं की थांबा, पेला सरळ करा, ओट्यावर ठेवा आणि त्याला हात लावू नका.

पहिल्या अर्ध्या मिनिटात रेघेवर धुरकटपणा येतो. मग त्यातून बारीक बुडबुडे अडकलेले पांढरट ढग वर चढू लागतात. पाचेक मिनिटांत ढगांचे दोरे होतात आणि ते नितळ थरात लोंबू लागतात. डीएनए पाण्यात विरघळतो, अल्कोहोलात विरघळत नाही. सोडियमने शांत केलेले धागे या सीमेवर आले की त्यांना विरघळलेलं राहणं जमत नाही आणि ते एकमेकांना बिलगून बाहेर पडतात. काडी रेघेपर्यंत नेऊन एकाच दिशेने सावकाश फिरवा. धागे तिच्याभोवती गुंडाळले जातात. वर उचलल्यावर जे दिसतं ते सुंदर नसतं, सरळ सांगायचं तर शेंबडासारखं दिसतं. पण बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात गार इथेनॉलमधून काडीवर गुंडाळून काढलेले जे डीएनएचे धागे मुलं वाचतात, ते हेच.

दिसतो तो एक धागा नव्हे, हेही मुलांना सांगा. डीएनएच्या एका दुपदरी धाग्याची जाडी दोन नॅनोमीटर. आपल्या केसाच्या रुंदीत असे चाळीस-पन्नास हजार धागे शेजारी शेजारी मावतील. काडीवर आलेला दोरा म्हणजे असंख्य धाग्यांचा गुंता. प्रसिद्ध नागमोडी जिना शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसेल, ही आशा ठेवू नका.

दुसऱ्या पेल्यात काय आहे?

बिनसाबणाच्या पेल्यातही काहीतरी पांढरट येतं. तिथे स्पिरिट त्याच धारेने ओतलेलं असतं, वेळही तेवढाच दिलेला असतो. पण जे येतं ते बहुतांशी काचेसारखं, लिबलिबीत, गोळा होऊन बसणारं असतं. त्याची तार ओढून निघत नाही. साबणाच्या पेल्यातलं जास्त पांढरं, जास्त तंतुमय. काही फळांत हा फरक ठळक दिसतो, काहींत निरखून बघावं लागतं. बघाच. बिनसाबणाच्या पेल्यात जे आलं ते मुख्यतः पेक्टिन आहे. फळाच्या पेशीभित्तिका एकमेकींना चिकटवून ठेवणारा तो पदार्थ, आणि तोही अल्कोहोलात विरघळत नाही. पेशी दाबून फुटल्या असल्यामुळे थोडा डीएनए तिथेही सुटतो, हे खरं. तसंच साबणाच्या पेल्यातल्या दोऱ्यांतही पेक्टिन, प्रथिनं आणि आरएनए मिसळलेलं असतं, हेही खरं.

पेक्टिन एकटं कसं दिसतं हे बघायचं असेल तर पेरू आणा. जेलीसाठी करतो तसे पेरूचे काप पाण्यात मऊ शिजवा, फडक्यातून न पिळता रस गाळा, पूर्ण गार होऊ द्या आणि त्यातल्या एका चमच्यात तेवढंच स्पिरिट घाला. लगेच जेलीचा गोळा जमतो. जेली-जॅम करणारे फळात पेक्टिन पुरेसं आहे का हे याच युक्तीने पाहतात. हा गोळा चमच्यावर घेऊन स्ट्रॉबेरीच्या दोऱ्यांशेजारी धरला की डोळ्यांना फरक कळतो. एकदा कळला की पुन्हा चूक होत नाही. प्रदर्शनात हा प्रयोग मांडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या टेबलावर पेरूची ही वाटी असावी, असं मला मनापासून वाटतं.

स्ट्रॉबेरीच का, याचं नेहमीचं उत्तरही जरा तपासून घ्यायला हवं. आपल्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या स्ट्रॉबेरीच्या पेशीत आठ, एकूण 56 गुणसूत्रं. म्हणून तिच्यात डीएनए भरपूर, असं सांगतात. संच आठ आहेत हे बरोबर, पण प्रत्येक संच लहान आहे. एका पेशीतला एकूण डीएनए मोजला तर तो माणसाच्या पेशीतल्या डीएनएच्या साधारण पाव भरतो. स्ट्रॉबेरी सोयीची ती मऊ असते, हातानेच फुटते आणि रंगामुळे पांढरे दोरे उठून दिसतात म्हणून. पेशीमागे डीएनएचं घबाड हवं असेल तर कांदा घ्या. त्याचा जनुकसंच माणसाच्या सुमारे पाचपट मोठा आहे.

कांदा किंवा वाटाणा घेतला तर पद्धत थोडी बदलते. अर्धी वाटी वाटाणे किंवा चिरलेला कांदा, चिमूटभर मीठ, वाटीभर गार पाणी मिक्सरमध्ये दहा-पंधरा सेकंद फिरवा. हे हाताने चुरडत नाहीत, त्यामुळे इथे मिक्सरला इलाज नाही. पण साबण मिक्सरमध्ये घालू नका, रस गाळून झाल्यावरच घाला. पुढचं सगळं तेच. फ्रीझरमधले वाटाणे बारा महिने मिळतात, आणि त्यांच्यात पेक्टिनची भेसळ कमी असल्याने दोन पेल्यांतला फरक स्ट्रॉबेरीपेक्षा स्वच्छ दिसतो. मला विचाराल तर शिकायला वाटाणा आणि दाखवायला स्ट्रॉबेरी.

प्रथिनांची भेसळ कमी करायची असेल तर स्पिरिटच्या आधी ताज्या अननसाचा रस चमचाभर घाला आणि पाच मिनिटं थांबा. अननसातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं. डबाबंद अननस चालणार नाही, तापवल्याने त्यातलं विकर मेलेलं असतं. ही युक्ती आजची नाही. डीएनए माणसाने पहिल्यांदा वेगळा केला तो 1869 साली, जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या किल्ल्यात, फ्रीडरिश मीशर या तरुण स्विस वैद्याने. त्याची प्रयोगशाळा म्हणजे त्या किल्ल्याचं जुनं स्वयंपाकघर. जवळच्या शस्त्रक्रिया रुग्णालयातून जखमांच्या पट्ट्या यायच्या, त्यांवरच्या पुवातल्या पांढऱ्या पेशी तो धुऊन घ्यायचा, अल्कोहोलाने स्निग्धांश काढायचा आणि डुकराच्या जठरातल्या पेप्सिनने प्रथिनं पचवून टाकायचा. जे पचलं नाही, ज्यात फॉस्फरस होता, त्याला त्याने न्यूक्लिइन म्हटलं. प्रथिनं काढून टाकल्यावरही हे उरतं, हाच त्याचा पुरावा होता. आपला दुसरा पेला आणि अननसाचा चमचा त्याच वळणाचे आहेत.

स्वतःचा डीएनए

फळांवर हात बसला की हे करा. आधी साध्या पाण्याने चूळ भरून टाका. मग अर्ध्या वाटी पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ घालून त्यातला मोठा घोट तोंडात घ्या आणि मिनिटभर खळखळ फिरवा, गालांची आतली बाजू दातांवर हलकेच घासत राहा. गालाच्या आतल्या पेशी सतत सुटत असतात, त्या पाण्यात येतात. हे पाणी पेल्यात थुंका, साबणाचा एक थेंब घाला, पेला दोन-तीनदा सावकाश तिरका करून मिसळा, ताज्या अननसाच्या रसाचे काही थेंब घाला, पाच मिनिटं थांबा. लाळेत म्युसिन हे चिकट प्रथिन असतं, तेही अल्कोहोलात बाहेर पडून तंतूंसारखं दिसतं, म्हणून इथे अननस टाळू नका. मग भिंतीवरून गार स्पिरिट. दोरे फळापेक्षा खूपच कमी आणि बारीक येतात, मागे काळा कागद धरला तर दिसतात. ज्याचा त्याचा पेला ज्याने त्याने हाताळावा.

दोरे आलेच नाहीत तर आधी स्पिरिटची टक्केवारी बघा, मग ते खरंच गार होतं का ते बघा, आणि मग घाईने ओतून थर मोडला का ते. थर मोडला असला तरी पेला लगेच रिकामा करू नका. बर्फात अर्धा तास ठेवला तर बऱ्याचदा ढग तळाशी किंवा मध्ये जमतो. उरलेला रस यासाठीच राखून ठेवायचा, दुसऱ्यांदा ओतून बघायला.

डीएनए जपून ठेवायचा असेल तर काडीवरचा गुंता रिकाम्या इंजेक्शनच्या कुपीत किंवा छोट्या बाटलीत ताज्या स्पिरिटमध्ये सोडा, बूच घट्ट लावा आणि चिठ्ठीवर फळाचं नाव, तारीख आणि 'साबण' की 'बिनसाबण' ते लिहा. गार, अंधाऱ्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवलीत तर ती महिनोन्‌महिने टिकते. उरलेलं मिश्रण भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा, पण त्या वेळी बंबही पेटलेला नसावा.